जेवली न्हाई म्हणून टाळलेली सुई

४ मे, रविवार
सई आली! माझ्या ल्योकानं, संतोषनं, पुण्याहून आणून सोडली, उभ्या उभ्या चहा घेतला न् गेला माघारी. माझी नात धा वर्षांची, पण गाल बघावेत आता. गेल्या साली शुगर निघाली तवा नुसती काडी झाल्ती. दोन माणसांचं खायाची न् वाळत जायाची. मी म्हणायची जंत असतील. आता अंगावर मास धरलंय, फ्रॉक दंडात बसत न्हाई. शेजारची कमल म्हणती, "आज्जी, नातीपरीस तुमीच फुगलात." फुगू नको तर काय करू!

सूनबाईनं, रूपालीनं, कागद लिहून धाडलाय. जेवायच्या आधी मशीनवर आकडा बघून सुई. सांजची निळ्या पेनाची येगळी, ती रोज. चौथी झालीया माजी, वाचता येतं.

७ मे, बुध.
सुई सईनंच शिकवली. "आज्जे, चिमटीत धर, टोच, दहा मोज, मग काढ." मी धाच्या जागी ईस मोजते. हसती.

दूध काढताना तिला आमच्या चंद्री गाईचं सांगितलं. गेल्या व्याताला धार मोप, पण वैरणीला तोंड लावीना. तोंडाला गोड वास, पिकून गळालेल्या पेरूसारखा. ढोराचे डॉक्टर म्हणले, खाल्लेलं दुधाला पुरंना, म्हणून अंगातली चरबी मोडून घालतीय. सलाईन लावलं, गूळ पाजाय सांगितला. तिसऱ्या दिशी खाया लागली.
सई म्हणती, "ई! तू गाईच्या तोंडाचा वास घेतेस?"
घेते की. त्यात काय.

१० मे, शनि.
काल सईनं कैऱ्या खाल्ल्या मीठ लावून, चार-पाच तरी. ऐकती कुठं. सकाळपास्नं उलट्या. पोटात कण न्हाई, म्हणून जेवणाच्या सुया दिल्या न्हाईत. मशीनबी लावली न्हाई. डोळा लागलाय, कशाला बोट टोचायचं.

सांजचं निळं पेन हातात घेतलं हुतं. पण उपाशी पोरीला सुई दिली न् शुगर उतरून बेसुद पडली तर? ठिवलं परत फ्रिजात.

रूपालीचा फोन. "जेवली का सई?" जेवली म्हणले. सुनेच्या जिवाला घोर नको.

१३ मे, मंगळ. नगर, दवाखाना
दोन दिवस वही उघडली न्हाई.

रविवारी सकाळी तांब्यावर तांब्या पाणी मागत हुती. श्वास लांब लांब, भात्यासारखा. जवळ घेतली तर तोंडाला त्योच वास. चंद्रीचा. ओळखला मी. ओळखला म्हणूनच चुकले. पेलाभर पाण्यात गूळ कालवला न् पाजला. "घे बाय, उतार पडतोय यानं." अर्धा ओकली, अर्धा पोटात गेला.

तासाभरात हाक मारली तर ओ देईना. कमलच्या नवऱ्यानं जीपमदी घातली. नगर येस्तवर तिचं डोकं माझ्या मांडीवर. एवढुसं डोकं, किती जड लागावं.

आज डोळे उघडले. मला बघून म्हणली, "आज्जे, चंद्रीला पेंड घातली का?"

१४ मे, बुध.
डॉक्टरीणबाई पोरगीच हाय, पण समजावती लई. म्हणली, "आजी, अंगात बांधणं आणि मोडणं दोन्ही सारखं चालू असतं. जेवलं की बांधणं वाढतं, उपाशी राहिलं की मोडणं. पण मोडण्याला आवर लागतो. तो इन्सुलिनचा. उपाशी माणसाच्या अंगातही ते थोडं थोडं झरत असतं. सईच्या अंगात झरत नाही, म्हणून ते निळं पेन."

म्हंजी जेवणाची न्हाईच ती सुई. मोडणाऱ्याचा हात धराय हुती. न् मी त्योच सोडला.

लाजत लाजत गाईचं सांगितलं. हसली न्हाई. म्हणली, "गाईला साखर कमी पडली म्हणून तिनं चरबी मोडली. सईच्या रक्तात साखर भरपूर होती, पण आत घ्यायला इन्सुलिन नव्हतं. शरीराला वाटलं उपासमारच आहे, त्यानंही चरबी मोडली. वास तोच, आजी. पण गूळ नको होता."

मग गेल्या साली खाऊन खाऊन वाळत हुती तवाबी हेच चाललं हुतं. न् मी जंताचं औषध…

रूपालीला सगळं सांगितलं. पेन, गूळ, सगळं. वरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणली, "तुम्ही मला जेवली म्हणालात, आई."

१८ मे, रविवार
सोडली दवाखान्यातनं. गाडी सरळ पुण्याला. गाल पार बसले पोरीचे. काचेतनं हात हलवीत हुती. संतोष खाली बघून म्हणला, "आई, राहू दे आता." काय राहू दे ते इचारलं न्हाई.

कमलनं भाकरी आणून दिली. चंद्रीपुढं टाकली.

१७ जून, मंगळ.
फोन वाजला. रूपाली. महिन्यात पहिल्यांदा स्वतःहून. "आई, माझी सुट्टी संपली. सई शाळेतनं आली की तीन तास एकटी असते. तुम्ही येता का राहायला?"

म्हणले, "बाय, माज्या हातावर सोडशील?"

मग म्हणली, "भीती वाटते, आई. पण दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची त्याहून जास्त वाटते."

सईनं फोन वढून घेतला. "आज्जे, आता मी माझी मीच टोचते. तू नुसती जवळ बस."

धा वर्षांची हाय.

मला भ्या वाटतं ते येगळंच. पुन्ना असं काय झालं, न् मला वाटलं की मला कळतंय, तर?

एसटी सकाळी सहाला हाय. लुगडी काढून खाटंवर ठिवलीत. पिशवीत भरली न्हाईत अजून.