धुवायची राहिलेली गन

अण्णा, तुमच्या रंग फवारायच्या गनची सुई मोडलेली आहे हे मला परवा कळलं. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, मी घरी येऊन पंधरवडा झाला, तरी ती गन मी हातात घेतली नव्हती. आई दर दिवाळीला ती कोनाड्यातून काढते, फडक्याने पुसते आणि परत ठेवते. स्कूटरला नवा रंग मारायचं ठरलं तेव्हा मी ती खाली उतरवली, कापडी पिशवीत घातली आणि भद्रकालीत चाचांच्या दुकानी निघालो, तुम्ही वीस वर्षं थिनर आणि पॉलिश पेपर जिथून आणायचात तिथे. वाटेत एक तांबट हंड्यावर ठोके मारत बसला होता, ते बघत अर्धा तास उभा राहिलो. ठोका कुठे पडणार हे आधी ओळखता येतं का, एवढंच बघत होतो. येत नाही. असो.

स्कूटर धाकटीकडे सटाण्याला जायची आहे. जावई मास्तर आहेत, बदली आडगावात झाली, एसटी दिवसातून दोनदा. रविवारी ते न्यायला येतायत. आईची अट एकच. "ब्रशचे फराटे दिसता कामा नयेत. इथे आळीत लोक हसले तेवढं पुरे झालं, पोरीच्या सासरी नको." खरंच हसले का हो लोक? मी नव्हतो. आई म्हणते, समोरचे टेलरमामा तुम्हाला ऐकू जाईल असं बोलायचे, "लोकांच्या बशीला आरसा आणि स्वतःच्या गाडीला संडासाच्या दाराचा रंग!" आणि तुम्ही म्हणे स्कूटरला किक मारून निघून जायचात. आग्रा रोडच्या गॅरेजमध्ये तुम्ही रंगवलेल्या बसच्या पत्र्यात बघून ड्रायव्हर लोक भांग पाडायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो माणूस स्वतःची गाडी ब्रशने रंगवतो, तर लोकांना कारण लागतंच. आईने कारण शोधलंय. मी आलो त्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "शेवटी शेवटी विसरायला लागले होते रे. गन धुवायची राहिली त्यांच्याकडून. इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं." मी म्हटलं, पिठलं वाढ अजून.

आता तो दिवस. आणीबाणी उठली तो उन्हाळा. छातीमुळे तुम्ही गॅरेज सोडलं होतं, आणि सगळा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्यावर पहिल्यांदा स्वतःची गाडी रंगवायला काढली होती. अंगणात भाड्याचा कॉम्प्रेसर हातगाडीवरून आलेला. तो सुरू झाला की सगळ्या आळीचे पंखे मंद व्हायचे आणि टेलरमामांची शिव्यांची मशीन सुरू व्हायची. तुम्ही तोंडाला रुमाल बांधता, खोकता, रुमाल सोडता, परत बांधता. मग एकदम गन माझ्या हातात देता. "धर. मनगट वळवू नकोस, सगळा हात सरकव. थांबलास की ओघळ आला म्हणून समज." मी एकोणीस वर्षांचा, शाळा सोडून तीन वर्षं झालेली, दोन गॅरेजं आणि एक पिठाची गिरणी करून झालेली. तोवर चालवायला सोडा, ती गन कुणी मला पुसायलाही दिली नव्हती. तांबडा प्रायमर मी मारला, सगळ्या स्कूटरला. डाव्या झाकणावर एक ओघळ आला. तुम्ही बघितलात आणि म्हणालात, "असू दे, घासून जाईल." एवढंच. तुमच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. मग म्हणालात, "मी जरा पडतो. गन धू. आधी गन, मग हात." हे तर रोजचंच होतं तुमचं. जेवायला आई हाका मारून थकली तरी आधी गन, मग हात.

मी हात धुतले. साबण आणायला आत गेलो, चप्पल घातली, आणि विडी ओढून येतो म्हणून नाक्यावर गेलो. तिथे मालेगावचा ट्रक उभा होता, सुताचे गठ्ठे भरलेला. ड्रायव्हर ओळखीचा. म्हणाला, "येस का रे भाऊ? मालेगाव काय, जवळच शे." मी चढलो. खरं सांगतो अण्णा, पळून जायचं असं काही मनात नव्हतं. सकाळपर्यंत परत येऊ असंच होतं. मालेगावला यंत्रमागांचा आवाज ऐकत बसलो, तिथून कुणीतरी इंदूरला जात होतं. इंदूरहून पुढे. गनची आठवण मला धुळे ओलांडल्यावर झाली. तेव्हा प्रायमर वाळून दगड झाला असणार, एवढा हिशोब मला येत होता. मग परत यायचं कसं, म्हणून पुढेच गेलो. दोन वर्षांनी नांदगाव स्टेशनावर आपल्या आळीतला एकजण भेटला आणि त्याने तुम्ही गेल्याचं सांगितलं. तेव्हा मी चहा पीत होतो. तो पूर्ण प्यायलो. मला तेव्हा काही झालं नाही, आणि आत्ताही काही होत नाहीये. मी वाट बघतोय.

चाचांनी मला ओळखलं नाही, गन ओळखली. पिशवीतून काढल्याबरोबर म्हणाले, "ये तो पेंटरसाहेबांची. म्हणजे तू तो भटक्या?" चष्मा वर करून पुढच्या भोकात बघत म्हणाले, "सुई आतच मोडलेली आहे, बेटा. माझ्यासमोर मोडली. तीन दिवस थिनरमध्ये बुडवून ठेवली होती त्यांनी, मग इथे आणली. आम्ही दोघांनी ओढली, तुटली. ह्या मापाची सुई येणं तेव्हाच बंद झालेलं. मी म्हटलं दुसरी गन घ्या, दिली असती मी. नाही म्हणाले. ब्रश घेतला आणि ऑइलपेंटचा डबा." मग चष्मा खाली घेत म्हणाले, "मी विचारलं, साहेब, तुमची गन आणि न धुतलेली? तर म्हणाले, माझ्याकडूनच राहिली. मला ते खरं वाटलं नाही कधी." मी काउंटरवरच्या रंगांच्या पट्ट्या बघत होतो. निळ्याचेच अकरा प्रकार आहेत आता.

मग आम्ही खरेदीचं बोललो. ते बरं पडलं. माझ्या डोक्यात लॅकर होतं, तुमच्यासारखं, भराभर वाळणारं, पॉलिशने चमकणारं. चाचा म्हणाले, "खाली ब्रशचा ऑइलपेंट आहे ना? त्याच्यावर लॅकर मारलास तर तासाभरात सुरकुत्या येतील, म्हातारीच्या गालासारख्या. एक तर सगळं पत्र्यापर्यंत खरवड, नाहीतर वरून ऑइलपेंटच मार, पातळ करून." गन दोन दाखवल्या. एक तुमच्यासारखी, खाली मोठं भांडं असलेली. दुसरी छोटी, भांडं वर, रंग आपल्या वजनाने खाली उतरतो. "स्कूटरला हीच. वळणं फार, कोपऱ्यात हात जातो. मोठी घेशील तर रंग पत्र्यापेक्षा भिंतीवर जास्त." मी छोटी घेतली. रंग मात्र घेतला नाही, म्हटलं आधी खरवडून बघतो. फराटे मुळापासून काढायचे, लॅकर मारायचं, आरसा करायचा, असं ठरवून आलो होतो.

काल डावं झाकण खरवडायला घेतलं. तुमचा राखी रंग गेला आणि खाली तांबडा लागला, माझा. आणि तो ओघळ तिथेच होता. तुम्ही घासला नव्हतात. वरून नुसता ब्रश फिरवला होता, तोही इतका अलगद की बाहेरून कळत नव्हतं. मी बोट फिरवून बघितलं. मग खरवडणी ठेवून दिली आणि चाचांकडून ऑइलपेंटचा डबा आणला. आईला सांगितलं की लॅकर धरणार नाही. ते खरंच आहे. बाकी सगळे फराटे पाण्याच्या पेपरने घासून सपाट केले, पुढच्या पत्र्याची आतली बाजू सोडून. तिथे चालवणाऱ्याच्या गुडघ्यांशिवाय कुणाचं काही जात नाही. तिथे ते राहू दिलेत. ओघळही राहू दिला.

आज दुपारी पहिला हात मारला. राखीच, तुमच्याच जवळपासचा. मनगट वळवलं नाही. आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती, म्हणाली, "अगदी त्यांच्यासारखा उभा राहतोस. तोंडाला रुमाल बांध मेल्या." तेव्हा तिला सांगायला हवं होतं, की अण्णा विसरत नव्हते, त्यांना शेवटपर्यंत सगळं आठवत होतं. नऊ वर्षं ती तुमच्या डोक्याला दोष देतेय, आणि तुम्हीच तिला तसं समजू दिलंत, का ते तुम्हाला ठाऊक. भाड्याचा कॉम्प्रेसर चालू होता, तिला ऐकू गेलं नसतं. मग मी तो बंद केला, तरी नाही सांगितलं. रविवारच्या आत सांगेन असं इथे लिहिणार होतो, पण माझं 'करेन' तुम्हाला चांगलं माहीत आहे.

दुसरा हात उद्या मारायचा आहे. आळीतले पंखे पूर्ववत फिरतायत, टेलरमामा आता म्हातारे झालेत, शिव्याही बसूनच देतात. मी ओट्यावर बसून हे लिहितोय, चाचांच्या दुकानातल्या, रंगांचे नमुने छापलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला. नवी गन पायाशी आहे. भांड्यात बोटभर रंग आहे आणि कडेला साय धरायला लागली आहे, आत्ता लिहिताना दिसली. माझे हात स्वच्छ आहेत, अण्णा. साबणाचा वास येतोय. आज पण आधी हातच धुतले.

उठतो. गनमधून थिनर फिरवल्यावर फवारा साफ येतोय का बघायला कागद लागेल. दुसरा नाहीये, हाच भिंतीला लावतो.