नूपुरच्या केसांतला वास

३ नोव्हेंबर, प्रताप नगर
आलो एकदाच्या. टेम्पोत खापा गावापासून इथपर्यंत नूपुर गात होती. पाच वर्षांच्या पोरीच्या घशात एवढी ताकद येते कुठून? घर इंदुताईंचं. वर त्या, खाली आम्ही मायलेकी. खिडकीत ऊन, शाळा पाच मिनिटांवर. इंदुताईंनी आल्याआल्या पोहे पाठवले आणि विचारलं, एकटी काहून राहतं वं? म्हटलं, एकटी कुठे, ही वटवट आहे ना सोबत.

५ नोव्हेंबर
नोकरी धान्याच्या गोदामात, सोंडकिड्यांवर पाळत ठेवायची. किडा दाण्याहून लहान, पण वस्ताद. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून डिंकासारखं बूच लावते. बाहेरून दाणा अगदी साळसूद. नराला खाणं सापडलं की तो एक वास सोडतो आणि सगळे जमतात, पंगत बसल्याची खबर मोहल्ल्यात लागावी तसे. तोच वास भरलेल्या रबरी गोळ्या आम्ही सापळ्यात ठेवतो. गोळ्यांना थंडावा लागतो आणि गोदामातला फ्रीज बंद पडलाय, म्हणून चाळीस गोळ्या घरी आणल्या. गोदामाच्या मॅनेजर ताराचंद साहेबांनी हातमोजे घालायला बजावलंय. मला हातमोज्यांत काम सुधरत नाही.

११ नोव्हेंबर
सकाळी नूपुरच्या वेणीवर तीन सोंडकिडे. तेल मीच लावते, याच हातांनी. तेल वास धरून ठेवतं हे मला कळायला नको? शिकेकाईनं डोकं धुतलं आणि हसण्यावारी नेलं.

१४ नोव्हेंबर
रोज धुते. तरी आज उशी तपकिरी झाली होती. डब्यातल्या ज्वारीत एकही नाही, सगळे तिच्या उशीवर. इंदुताई म्हणाल्या, त्या गोळ्या फेकून दे वं. फेकल्या नाहीत. नवी नोकरी आहे.

१६ नोव्हेंबर
तिच्या कानामागे ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे, प्रत्येकावर डिंकाचं बूच. तसलीच बुचं मी गोदामात रोज दाण्यांवर भिंगातून बघते. डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी. बुचांचं सांगितलं तर माझ्याकडेच बघत राहिले.

१७ नोव्हेंबर
केस काढले. डोकंभर ठिपके. नूपुर रडलीही नाही. चूक माझी. माझी एकटीची.

१९ नोव्हेंबर
दुसऱ्या डॉक्टरांनीही मलमच दिलं. माझ्या हातांना आता वास नाही. तिच्या अंगाला आहे. आतल्यांना खाणं सापडलंय, ते आतून बोलावताहेत— दुखत नाही म्हणते. दुखत तरी असतं तर बरं.

२० नोव्हेंबर, दुपार
एकच सुचतंय. तिच्यापेक्षा जोरात मी बोलावलं तर तिला सोडतील. नूपुरला वर इंदुताईंकडे दिलं. काही झालं तरी खाली पाठवू नका म्हटलं. गोळ्या चिरल्या, चाळीसही, अंगाला चोळल्या. त्यांना यायला दार उघडं ठेवलंय.

आले. जिन्यावरून, तिच्याकडून माझ्याकडे. चावताहेत. चावू देत. तिला सोडलं, एवढंच हवं—

इंदुताई वरून ओरडताहेत. पोरगी हातात राहत नाही म्हणे, चावली त्यांना, सुटली—

जिन्यावर पावलं. कडी लावायला हवी, उठवत नाही—

दारात नूपुर. जा म्हटलं. जा. ती हसतेय. म्हणते, आई, किती छान वास येऊन राहिला तुह्या अंगाचा. मले भूक लागली—

बाळा, जवळ नको, मी—