लोकरी लेमूर विरुद्ध सीगल

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.
ठरलं. १९ तारखेला सकाळी दहाला सोसायटीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान: मादागास्करचा लोकरी लेमूर आणि आपल्या ऐरोली खाडीवरचा सीगल. एक नामशेष होत आलेला, माकडासारखा, पानं खाणारा, जोडीनं राहणारा. दुसरा ढिगाने, फरसाण फेकाल तिथे हजर. मुलुंडकरांना दुर्मिळाची किंमत कळलीच पाहिजे. पन्नास खुर्च्या सांगितल्या. प्रोजेक्टर देवव्रत आणणार. शाळेपासूनचा दोस्त. टेन्शन नाही.

८ जानेवारी.
जयंतीसमोर रिहर्सल. बाराव्या मिनिटाला तिने डोळे मिटले. तल्लीन! नंतर म्हणाली, अहो, लेमूर कधी बघितलाय? नाही म्हटलं. मग सीगल तरी? तोही नाही. मुद्दा सोडून प्रश्न.

१३ जानेवारी.
आवाजासाठी रोज गुळण्या करायच्या. उद्यापासून.

१६ जानेवारी.
सोसायटीच्या ग्रुपवर देवव्रतचा मेसेज: रविवारी सकाळी दहाला बोटीतून सीगल दर्शन. रविवारी! दहाला! फोन केला. म्हणाला, अरे शऱ्या, भरती तेव्हाच आहे ना. तुझा लेमूर काय, कधीपण चालतो.
चाळीस वर्षांची दोस्ती. असो. जाणकार माझ्याकडेच येतील.

१८ जानेवारी.
नोटीस बोर्डावर बोटीची यादी. चौथं नाव जयंती. माझी जयंती. विचारलं, तर म्हणाली, तुमचं भाषण मला पाठ झालंय हो. मला एकदा खरा पक्षी बघायचाय.
भांडलो नाही. जेवलोही नाही. फक्त तिळाचे लाडू. चार.

१९ जानेवारी. दुपारी १.
श्रोते: एक. तळमजल्याच्या वनमालाबाई. प्रोजेक्टर आलाच नाही. लेमूर हातवारे करून दाखवला, उडीसकट. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, हे नेत्रशिबिरच ना? डोळे तपासायला कधी घेणार?

संध्याकाळी ६.
जयंती परतली. केस विस्कटलेले, नाक उन्हाने लाल. व्हिडिओ दाखवला. पांढऱ्या पंखांचा नुसता गलका, आणि मधे ती, तोंडावर हात धरून हसतेय. लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं अशी हसायची. व्हिडिओ देवव्रतने काढलाय. तीनदा बघितला. अभ्यास म्हणून.
तुम्ही यायला हवं होतं, म्हणाली.

२१ जानेवारी.
देवव्रतशी बोलणं कायमचं बंद. फक्त एक मेसेज केला: पुढच्या रविवारी बोटीत जागा आहे का?
उत्तर आलं: वहिनींची कन्फर्म आहे. तू वेटिंगवर, सतरावा.