एका रेघेचा नवस

३ मार्च, सकाळी ९.१०
अँटिबॉडी आली. सहा आठवडे कस्टममध्ये पडून होती, आज खोन केनला आमच्या विद्यापीठात पोचली. आता दुसरं काही नाही, फक्त काम.
हृदयाच्या पेशीत पोटॅशियम बाहेर सोडणारं प्रथिनाचं एक दार असतं. झोपेतच मरण पावलेल्या माणसांच्या नमुन्यांत ते किती आहे, हे ही अँटिबॉडी त्याला चिकटून दाखवणार. पट्टीवर काळी रेघ उमटते. रेघ उमटली की प्रबंध झालाच. आचान, म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापक, सिरिलक बाईंनी सोंगक्रानच्या, एप्रिलमधल्या नववर्षाच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर जमलं नाही तर विषय ज्युनियर पुईकडे. ऐकून हसू आलं.
धाकटे काका चौतिसाव्या वर्षी झोपेत गेले. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेतात होते. आमच्या भागात अशी धडधाकट माणसं जातात. आईला शब्द दिलाय, कारण मीच शोधणार म्हणून.

३ मार्च, ११.४०
खोक्यात दोन कुप्या. पहिलीत अँटिबॉडी. पाण्यात विरघळवली. पुईने हात बसवायला दोन थेंब मागितले. दिले. ती मला 'पी ओट' म्हणते; पी म्हणजे मोठा भाऊ. मोठेपणा दाखवावा लागतो.
दुसऱ्या कुपीवर लिहिलंय 'पेप्टाइड'. माहितीपत्रकात शेवटची ओळ: 'ही अँटिबॉडीत आधी मिसळून ठेवावी.' ताकद वाढवायला असणार. सगळी मिसळली. पान उलटणार होतो, पण जेवायची वेळ झाली.

६ मार्च
पहिली पट्टी. कोरी. पण काय स्वच्छ! इतरांच्या पट्ट्या नुसत्या डागाळलेल्या असतात. असल्या कामाला हात लागतो.
संकल्प: उद्यापासून रोज आठला हजर.

७ मार्च, १०.३५
आलो.

११ मार्च
कोरी. पट्टी दुधात भिजवतात, ती दूध पावडर बदलली. तरी कोरी. दोष उन्हाळ्याचा. चाळीस डिग्रीत अँटिबॉडीने तरी काय करावं. पुई म्हणाली, पण पट्टी तर थंड खोलीत होती. तिला मध्ये बोलायची खोड आहे.

१४ मार्च
एका जागी बसवत नाही. व्हरांड्यात बावीस फेऱ्या, बर्फाच्या कॉफ्या तीन. पट्टीचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची काच पुसली. कोरी.
पुईने हळूच विचारलं, दुसऱ्या कुपीचं काय केलंत. तिला अँटिबॉडी म्हणजे काय, हे वीस मिनिटं मुळापासून समजावलं. शेवटी "बरं, पी," म्हणाली. पोरगी शिकेल.

१९ मार्च
पाचवी, सहावी, सातवी. तिन्ही कोऱ्या. वीज कमी-जास्त होते, त्याला मी काय करणार. संकल्प: माहितीपत्रक नीट वाचायचं. सापडत नाही. बहुतेक पुईच्या टेबलावर.
आईचा फोन. सापडलं का? म्हटलं, जवळजवळ.

२४ मार्च, दुपारी
झाडलोट करणाऱ्या सोमजित मावशी म्हणाल्या, दाराशी वास्तुदेवतेचं घर आहे, तिथे नवस बोल. नव्व्याण्णव उकडलेली अंडी. मागच्या वर्षी फ्रीझर त्यानेच सुरू झाला म्हणे. फक्त नाव, बापाचं नाव, गाव, विद्यार्थी क्रमांक सगळं सांगायचं, नाहीतर देवता घोटाळ्यात पडते.
मी विज्ञानाचा माणूस. असल्या गोष्टी मानत नाही. तरी उभ्याउभ्या बोलून टाकलं: या प्रयोगशाळेत रेघ दिसू दे. नाव-गाव सांगितलं नाही. मागून खात्याचा शिपाई येत होता, लाज वाटली.

२ एप्रिल
दहावी. कोरी. देवतेला वेळ द्यायला हवा.

८ एप्रिल
अकरावी. कोरी, पण डाव्या कोपऱ्यात काहीतरी काळं दिसलं. पळत जाऊन आचानना दाखवलं. त्यांनी चिमट्याने उचललं. केस होता. माझाच.
अँटिबॉडी संपली.

९ एप्रिल, सकाळी १०
पुईची पट्टी. पहिलीच. निरोगी नमुन्यात ठळक रेघ, झोपेत गेलेल्या माणसाच्या नमुन्यात फिकट. म्हणजे दार खरंच कमी. त्या दोन थेंबांतून. माझ्या दोन थेंबांतून, हे लिहून ठेवतो.
मी उभाच राहिलो. काकांचा चेहरा आठवला. आनंद झाला, आणि लगेच माझ्या अकरा कोऱ्या पट्ट्या परत मोजल्या.

९ एप्रिल, दुपारी
आचाननी दोघांना बोलावलं. समोर ते माहितीपत्रक. पुईच्या टेबलावरच होतं, तिने वाचलेलं, दोन्ही बाजूंनी.
आचान शांतपणे म्हणाल्या, "पुईची रेघ खरी आहे हे दाखवायला एक कोरी पट्टी लागते. पेप्टाइड मिसळून अँटिबॉडीचं तोंड आधीच बंद करायचं, मग रेघ उमटता कामा नये. तुझ्याकडे अशा किती आहेत, ओट?"
"अकरा, आचान."
"अकरा वेळा केलंस. एकदाही चुकला नाहीस."
त्यातली सहावी पुईच्या प्रबंधात जाणार. आभारात माझं नाव. विषय तिचा. पुई खाली बघत होती. म्हणाली, "पी, मी विचारलं होतं." हो, विचारलं होतं.

११ एप्रिल
सोमजित मावशींनी गाठलं. रेघ दिसली ना, मग अंडी कधी? म्हटलं, रेघ माझी नाही. त्या म्हणाल्या, "तू 'माझी' म्हणालास का?"
वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पातेलं एकच, एका वेळी वीस मावतात. आईचा फोन तिथेच आला. सापडलं का? म्हटलं, सापडलं. कोणाला, हे तिने विचारलं नाही. नुसती रडली. म्हणाली, "माझं पोरगं."
साठ उकडून झाली. एकोणचाळीस राहिली.