ओवाळणीचं बिल

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पोहे भिजवले आणि मेल बघितली. वेबसाइटच्या क्लाउड कंपनीची. कार्डातून पैसे जात नाहीत, लवकर सोय करा, नाहीतर सेवा थांबवावी लागेल. इंग्रजी इतकं गोड की ही धमकी आहे हे दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं.

बिलाचं पान उघडायला गेले. 'हे पाहण्याची परवानगी तुम्हाला नाही. आपल्या बिलिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.' तो कोण, ते काही सांगत नाहीत. माझ्या नावापुढे ठळक 'ओनर' लिहिलंय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तो कोण ते मला माहीत आहे. दादा.

पोह्यांचा गिचका झाला. तसेच खाल्ले.

बुधवार, ८ ऑक्टो.

बाहेर पडून परत आत गेले, दुसऱ्या ब्राउझरमधून गेले, फोनवरून गेले. उत्तर तेच. मदतीच्या चॅटवर एक मुलगा भेटला, दर वाक्याला मॅम मॅम. म्हणाला, परवानगी फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच देऊ शकतात. मी लिहिलं, त्यांना बोलता येत नाही. त्याने लिहिलं, हरकत नाही मॅम, त्यांनी ईमेल केली तरी चालेल. काय सांगणार त्या लेकराला. मे महिन्यात दादाला झटका आला, उजवी बाजू गेली, शब्द गेले. उरलेत 'बरं', 'नको' आणि मालवणी शिव्या. शिव्या मात्र स्पष्ट.

सहा वर्षांपूर्वीची भाऊबीज. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, डोळे गेलेल्यांसाठी पुस्तकं वाचून फोनवर रेकॉर्ड करायचे, आणि फोन भरून बंद पडायचा. दादा पाकिटाऐवजी लॅपटॉप घेऊन आला. तासाभरात वेबसाइट उभी, रेकॉर्डिंग सगळी तिच्यावर. म्हणाला, ही ओवाळणी, दर महिन्याला आपोआप जाईल. आकडा विचारायचा नाही.

हा माणूस हॉटेलात हात धुवायला म्हणून उठतो आणि गल्ल्यावर बिल देऊन येतो. जन्मात कधी कोणाला बिल बघू दिलं नाही. आणि ओवाळणीत किती घातलेस, असं भावाला कोण विचारतं? म्हणून ती परवानगी मी कधी मागितलीच नाही.

साइटवर ऐकणाऱ्या शीवच्या कुलकर्णी बाईंचा फोन आला, रोजचा. कादंबरी अठराव्या प्रकरणात आलीय. 'ती सून परत येते का हो? नको, सांगू नका.'

शुक्रवार, १० ऑक्टो.

ऋतूला फोन लावला, दादाची लेक, बंगळुरूला याच कामात आहे. तिने दोन वाक्यांत उलगडलं. आत्या, घर तुझ्या नावावर आहे, पण लाइटचा मीटर बाबांच्या नावावर. घराची मालकीण असलीस तरी मीटरवाल्याचं बिल तुला दिसत नाही. बाबांच्या कार्डाची मुदत संपली असणार. बँकेने नवीन पाठवलं असेल ते नायगावच्या चाळीच्या पत्त्यावर.

नायगावची चाळ आता आहे कुठे. पत्रे ठोकलेत चारी बाजूंनी, आत मशिनं. दादा-वहिनी वर्षभर परळला भाड्याच्या जागेत, एकोणिसाव्या मजल्यावर. पोस्टमन पाकीट कोणाला देणार?

मग ऋतू म्हणाली, 'एवढं कशाला? तू ओनर आहेस ना, तुझ्या नावाने नवीन बिलिंग काढ आणि साइट त्याला जोडून टाक. पाच मिनिटांचं काम. बाबांना कळणारसुद्धा नाही.'

काढलं. नाव, पत्ता, गिरगावचा पिनकोड, माझं कार्ड. जुनं बिलिंग सोडून हे जोडायचं का, असं विचारलं त्याने. खाली निळं बटण.

दाबलं नाही. मेला हात पुढेच होईना. 'बाबांना कळणारसुद्धा नाही' हेच डोक्यात. चहा केला, तोही विसरले.

रविवार, १२ ऑक्टो.

परळला गेले. घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं नेलं. दादा खिडकीपाशी बसलेला, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. वहिनी त्याला गबाळा राहू देत नाही.

खाऊन झाल्यावर सहज बोलल्यासारखं म्हटलं, दादा, ते वेबसाइटचं बिल आता मी बघते, तू कशाला डोक्याला त्रास करून घेतोस.

'नको.'

अरे, नुसती परवानगी दे मला, बाकी मी करीन.

'नको.' आणि भिंतीकडे तोंड केलं. मी निघेपर्यंत वळला नाही.

वहिनी लिफ्टपर्यंत आली. तिच्याकडून कळलं की गेल्या आठवड्यात बँकेत नेलं होतं त्याला. डाव्या हाताची सही जुळेना, म्हणून अंगठा घेतला. हाताखालच्या वीस जणांच्या रजा मंजूर करणारा माणूस, त्याचा अंगठा. खातं, विमा, नवीन जागेचे कागद, सगळं आता वहिनीच्या सहीने. करावंच लागलं, ती तरी काय करणार. शाईचं बोट घरी येईपर्यंत मुठीत धरून बसला होता म्हणे.

'सगळ्यांनी सगळां काढून घेतलां त्यांच्याकडसून,' वहिनी म्हणाली. 'आता तू पण इलंस?'

बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईने पाणी दिलं. घेतलं.

मंगळवार, १४ ऑक्टो.

साइट बंद. पांढरं पान आणि एक ओळ.

कु. बाईंचा फोन, 'अहो, माझ्या फोनला काहीतरी झालंय, तुमचा आवाज येत नाही.' म्हटलं, तुमच्या फोनला काही झालेलं नाही. पुस्तक काढलं आणि फोनवरच वाचायला बसले, अठरावं प्रकरण, पहिल्यापासून. मध्येच कुकरची शिट्टी झाली. त्या म्हणाल्या, असू दे, बरं वाटतं.

पण कु. बाई एकट्या नाहीत. आणखी किती जण ऐकत होते, देव जाणे. ते मला फोन करत नाहीत. नुसतेच ऐकत होते, आता ऐकत नसतील.

शुक्रवार, १७ ऑक्टो. वसुबारस

ऋतू चिडली माझ्यावर. आत्या, कंपनीवाले रेकॉर्डिंग काही दिवस सांभाळतील आणि मग पुसून टाकतील. सहा वर्षांचं काम जाईल. तुला बाबांना दुखवायचं नाही म्हणून? ती बरोबर आहे. मीही चिडले. मला अक्कल शिकवू नकोस म्हणाले, वर फोन ठेवला. मग अर्ध्या तासाने मीच केला. करंज्या कुरिअरने पाठवते म्हटलं.

बँकेत हेलपाटे घालून वहिनीने दादाचं नवीन कार्ड आणलंय. म्हणजे अडलंय ते फक्त दादापाशी.

सोमवार, २० ऑक्टो.

अभ्यंगस्नान, फराळ, आमच्या चाळीत मुलांचे फटाके. मन कशात नाही. ठरवलं. भाऊबीजेला एकदा विचारीन, वेगळ्या तऱ्हेने. नको म्हणाला तर शुक्रवारी सकाळी ते निळं बटण दाबीन, आणि त्याला कधीही सांगणार नाही. आणि तरी त्याला कळेल. त्याला सगळं कळतं.

गुरुवार, २३ ऑक्टो. भाऊबीज

भाऊ बहिणीकडे येतो. यंदा मीच गेले, आमचे तीन जिने त्याला कसे चढवणार. पाटावर बसता येत नाही म्हणून खुर्चीभोवती रांगोळी काढली. कुंकू, अक्षता, अंगठी-सुपारी, निरांजन. ओवाळलं. डोळे मिटून बसला होता, लहानपणी बसायचा तसाच.

वहिनीने त्याच्या खिशात पाकीट घालून ठेवलेलं. डावा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. डाव्या हाताने ओवाळणी कशी घालणार. मान खाली. निरांजन हातात घेऊन मी तशीच उभी.

मग म्हटलं, 'दादा, माझी ओवाळणी बंद पडलीय. चालू करून दे.'

एवढंच. मी बघते नाही, परवानगी नाही.

त्याने मान वर केली. मग हनुवटीने कपाट दाखवलं. वहिनीने लॅपटॉप काढून पदराने पुसला. तो उघडायला बोटाचा ठसा मागत होता. वहिनीने त्याचा डावा अंगठा टेकवला, बँकेने घेतला तोच. चालला नाही. डाव्या हाताची बाकीची बोटं, तीही नाहीत.

'शिरा पडो,' दादा म्हणाला. अक्षरन् अक्षर स्वच्छ.

आणि त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, झोपलेलं मूल उचलतात तसा, एक बोट सरळ केलं आणि टेकवलं. उघडला.

वहिनी खिडकीत जाऊन उभी राहिली. मी निरांजन खाली ठेवलं.

पुढचं सगळं त्याने केलं. डाव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर. कार्डाचे आकडे मी वाचले, मला टाकू दिले नाहीत. मग परवानगीचं पान काढलं त्यानेच, मी न सांगता. माझा मेल टाकला. खाली यादी आली, कोणाला काय करता येईल त्याची. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'वर मी बोट ठेवलं.

'नको.'

बाण खाली नेला. 'व्ह्यूअर'. म्हणजे बिल दिसेल, हात लावता येणार नाही.

मी म्हटलं, अरे, नुसतं बघायचं? भरायचं नाही?

'बघ,' दादा म्हणाला.

मे महिन्यानंतरचा पहिला नवीन शब्द. वहिनी खिडकीतून धावत आली, परत म्हणा, परत म्हणा. नाही म्हणाला. पुन्हा तो उजवा हात उचलून आणला आणि 'सेव्ह' त्या हातानेच दाबलं. मग मागे टेकून बसला, चेहरा एकदम जुना, गल्ल्यावरून परत आल्यावर असायचा तसा.

कार्डाची तपासणी सुरू आहे, असं येतंय. चोवीस तास लागतील म्हणे, कदाचित जास्त.

पाकीट वहिनीने मी निघताना पिशवीत टाकलंच.

शुक्रवार, २४ ऑक्टो.

सकाळी मेल. 'तुम्हाला बिल पाहण्याची परवानगी देण्यात आली आहे.' खाली दुवा. अजून दाबला नाही. साइटवर अजून तीच एक ओळ.

ऋतूचं म्हणणं, कार्ड नाकारलं गेलं तर? सोय म्हणून तुझं नवीन बिलिंग जोडायला तयार ठेव. ठेवलंय. ते निळं बटण आहे तिथेच आहे.

रात्रभर तो शब्द घोळवला. नुसतं बघ, हात लावू नकोस, असं म्हणाला? की बघ, अजून जमतंय मला? पण माझ्या लहानपणी दादा कामाला निघताना जिन्यातून ओरडायचा, 'आयेक बघ गो.' तेव्हा बघ म्हणजे सांभाळ. आईला सांभाळ, मी येईपर्यंत.

विचारलं तर सांगणार नाही. बोलता येत होतं तेव्हाही सांगितलं नसतं.

कु. बाईंचा फोन वाजतोय. त्यांच्याकडे आवाज आला म्हणून, की नाही आला म्हणून. पुस्तक हाताशी घेऊनच उचलते.