आठ दिवसांची पाहुणी

अदलिया, बहरीन
शुक्रवार, चर्चमधून मिस्सा करून आल्यावर

प्रिय व्हेरॉनिका,

हे पत्र ब्रायनच्या हाती पाठवते आहे. तो महिन्याच्या लीव्हवर गावी चाललाय. त्याला बजावलंय, व्हेरॉनिकाच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही. फोन असताना पत्र कशाला असं तू म्हणशील. फोनवर तू स्पीकर लावतेस. मग आई खाटेवरून माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, एलरॉय येऊन मम्मी जेवलीस का विचारतो, आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर चौथीत शाळा सोडली तेव्हा होतं तसंच आहे, चुका काढत बसू नकोस. आणि खरं म्हणजे, फेब्रुवारीत तू इथून गेल्यापासून माझ्याशी बोलतेसच कुठे? हो, बरी आहे, जेवले, घे आईशी बोल. खलास. आठ महिने मी एवढंच ऐकते आहे. एलरॉयला विचारलं तर तो म्हणतो, मावशी ठीक आहे, तुझंच डोकं फिरलंय. माझं डोकं फिरलेलं नाही. तू माझ्यावर रागावलेली आहेस आणि ते मला संपवायचं आहे. माझ्यात धीर किती आहे ते तुला ठाऊक आहे.

आधी इकडचं सांगते. उकाडा उतरायला लागलाय, अंगणात संध्याकाळी माणसाला बसवतं. परवा मालकीण नसीबाच्या गेस्टहाउसात या मोसमातले पहिले पाहुणे आले, एक म्हातारं जोडपं आणि दोघी मैत्रिणी. त्यांची सुट्टी कशी असते ते तू पाहिलंसच. विमानात बसून एवढ्या लांब यायचं आणि इथे येऊन खायचं आणि पडून राहायचं. सकाळी दोन तास नाश्ता. मग मनामाच्या जुन्या बाजारात एक चक्कर, तिथे हलवा चाखायचा, कडक चहा प्यायचा, मसाल्याच्या पोत्यात नाक घालायचं. दुपारी माझा मचबूस, म्हणजे मटणाचा किंवा मासळीचा भात, आणि मग गाद्यांवर आडवं व्हायचं ते ऊन उतरेपर्यंत. संध्याकाळी नसीबा त्यांना पीठ मळायला बसवते. हात बरबटले की ते फोटो काढतात, आणि ती कणीक नंतर मीच पुन्हा मळते. तू आलीस त्याच्या पहिल्या दिवशी एक लांबडा माणूस तोंडावर पुस्तक ठेवून झोपला होता तेव्हा तू त्याला चक्कर आली समजून लिंबाचं पाणी घेऊन धावलीस. तो बिचारा उठून बसला, अख्खा पेला प्यायला आणि तुला तीनदा थँक्यू म्हणाला. नसीबा अजून सांगते ते सगळ्यांना.

आणि तो बलालीतचा नाश्ता. गोड शेवया, वेलची-केशर घातलेल्या, आणि वर अंड्याचं ऑम्लेट. इथे तसंच खातात, मलाही पहिल्या वर्षी ओकारी आली होती. पण तुला मी आधी सांगायला हवं होतं. मी भट्टीवाल्याकडून रोट्या आणायला गेले, आणि तू पाहुणी असून स्वयंपाकघरात डोकावलीस. सहा ताटं वाढून ठेवलेली. तुला वाटलं, शर्लीचं आज चित्त नाही, गोडावर अंडं ठेवून बसली, आता मालकीण हिला फाडून खाणार. म्हणून तू सगळी ऑम्लेटं अलगद उचललीस, पुसलीस, वेगळ्या ताटलीत ठेवलीस, वर मिरी घातलीस आणि गुपचूप येऊन खुर्चीवर बसलीस. मी आले तर शेवया उघड्या. मी ओरडले तुझ्यावर. नसीबा हसून हसून भिंतीला टेकली. तू मला हळूच म्हणालीस, मला वाटलं तुझी नोकरी जाईल. त्या वेळी मी नुसती चिडले. आता ते वाक्य आठवलं की मी हातातलं काम ठेवते.

कारण तुला तसं वाटावं अशी सोय मीच केली होती. पंधरा वर्षं मी फोनवर तुला काय सांगत आले? मालकीण कडक आहे. ऊन असं की पायाला फोड येतात. उभी राहून राहून गुडघे गेले. इथे माणूस माणसाला ओळखत नाही. तू घरात आहेस, आपल्या माणसांत आहेस, तुझं नशीब चांगलं. दर आठवड्याला हेच. गुडघे गेले ते खरं आहे. बाकी सगळं मी वाढवून सांगायचे, आणि चांगलं काही घडलं तर गिळायचे. नसीबा मला बहिणीसारखी वागवते हे सांगितलं नाही. माझी वेगळी खोली आहे, एसी आहे, खिडकीत बोगनवेल आहे, सांगितलं नाही. पाहुणे जाताना मला मिठी मारतात, पुढच्या वर्षी तुझ्याच हातचं खायला येऊ म्हणतात, आणि त्यातले काही खरंच परत येतात, तेही नाही. मला वाटायचं, व्हेरॉनिकाला इथलं वाईट वाटलं पाहिजे, म्हणजे तिला तिकडचं बरं वाटेल.

मी तुला बोलावणारही नव्हते. नसीबाच मागे लागली, तुझ्या बहिणीला एकदा सुट्टीला आण, पाहुणी म्हणून राहू दे, वरची खोली देते. मी दोन वर्षं टाळलं. मग एलरॉयचं लग्न झालं, घरात क्रिस्टल आली, ती म्हणाली आजीला मी सांभाळते आठ दिवस, आणि मला सबब उरली नाही. तू आलीस. दारातून आत शिरलीस, अंगण बघितलंस, माझी खोली बघितलीस. एअरपोर्टवर तू मला विचारलं होतंस, पायाचे फोड कसे आहेत. खोली बघितल्यावर पुन्हा विचारलं नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पहिले दोन दिवस तू खुर्चीच्या टोकावर बसायचीस. कुणाची ताटली रिकामी झाली की अर्धी उठायचीस आणि मी डोळे वटारले की पुन्हा बसायचीस. आपल्या घरात बाईने सगळ्यांचं झाल्यावर खायचं, तेही ओट्याशी उभ्याने, आणि तुझं तर आईला भरवून होईपर्यंत गार झालेलं असायचं. तिसऱ्या दिवशी नसीबाने तुझ्यासमोर मेह्यावा लावलेली रोटी ठेवली. आंबवलेल्या मासळीचा तो रस, त्याच्या वासाने बाकीचे पाहुणे नाक धरतात. तू वास घेतलास आणि म्हणालीस, अगं हा तर आपलाच वास, सुकटीच्या डब्यासारखा. गरम रोट्या, तीन खाल्ल्यास, पाठ टेकवून. पाठ टेकवलेली मी तुला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली असेन.

मग बाजाराची गोष्ट. माझा गुडघा सुजला म्हणून तू म्हणालीस मी जाते नसीबासोबत, पाहुण्यांना घेऊन. मी म्हटलं जा, हरवशील. तू शब्बीरच्या मसाल्याच्या दुकानात जाऊन प्रत्येक पोत्याचं नाव विचारलंस. ते काळं सुकं लिंबू, जे मी इतकी वर्षं नुसतं भातात टाकत होते आणि नाव विचारायचं सुचलं नव्हतं, त्याचं नाव, ते कुठून येतं, किती दिवस वाळवतात, सगळं तासाभरात तुझ्याकडे. आणि तुझ्या दहावीच्या इंग्रजीत तू ते तेव्हाच्या पाहुण्यांना समजावलंस, आपल्याकडे बोंबील कसे काठीवर वाळवतात तेही हाताने करून दाखवलंस. परत आल्यावर त्यांच्या तोंडी एकच नाव, व्हेरॉनिका. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुलाच मागितलं. त्याच्या पुढच्या दिवशी तू माझ्या ओट्याशी उभी राहून आपली चिंचेची कढी केलीस, त्यांनी वाट्या चाटल्या, आणि नसीबा तुला म्हणाली, यल्ला, चल, तू अब इधरीच रह जा.

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दाशब्दाने पाठ आहे. तू पाहुणी आलीस, पाहुणीसारखी राहा. हे स्वयंपाकघर माझं आहे, मी पंधरा वर्षं घासलंय, इथे मिरवायला येऊ नकोस. तुझ्या हातात डाव होता. तो तू धुतलास, पुसलास, जागेवर लावलास. पुढचे दोन दिवस तू खोलीत बसून आईला फोन करत राहिलीस. शेवटच्या दिवशी एअरपोर्टवर मी वाट बघत होते की तू भांडशील. तू फक्त म्हणालीस, जागा चांगली मिळाली तुला. आणि आत गेलीस.

व्हेरॉनिका, ही जागा तुझी होती. पंधरा वर्षांत हे मी तोंडाने कधी बोलले नाही, तूही नाहीस, आईने तर नाहीच. ब्रायनने स्वयंपाकाच्या कामासाठी नसीबाच्या आईला तुझं नाव दिलं होतं, माझं नाही. तू दहावी झालेली, तुझ्या हाताला चव, तुझं लग्नही ठरलेलं नव्हतं. सगळं पक्कं झालं आणि आई मिस्साला निघताना पायरीवर कोसळली, उजवी बाजू गेली. दोघींपैकी एकीने राहायचं होतं. एलरॉयचा बाप जाऊन वर्ष झालं होतं. मी म्हणाले, मला पोर वाढवायचं आहे, मी जाते, एकच वर्ष, मग तू जा. तू माझी बॅग भरायला घेतलीस. एक वर्ष झालं. मग एलरॉयची शाळा. मग कॉलेज. मग घराचं छप्पर. मग त्याची नोकरी, मग त्याचं लग्न. दर वेळी कारण खरं होतं, पण दर वेळी ते सापडल्यावर मला बरंही वाटायचं. ते माझं मला ठाऊक आहे. आणि मी वाढवायला म्हणून निघाले त्या पोराला वाढवलंस तू. ताप आला की तो अजून मावशी म्हणून हाक मारतो.

पुढे नसीबाची म्हातारी आई गेली, नसीबाने घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली, आणि स्वयंपाकीण होते ती मी इथली कुणीतरी झाले. लोक नावाने ओळखायला लागले. तू तिकडे आईची कूस बदलत होतीस आणि मी इथे दमले दमले म्हणत होते. तू आठ दिवस आलीस आणि तुला सगळं दिसलं. तुला माझा हेवा वाटला असता तर मला चाललं असतं. तू खोटं पकडलंस आणि गप्प बसलीस, ते चालत नाही.

तर आता नीट वाच. मी नसीबाशी बोलले आहे. नोव्हेंबरच्या शेवटी मी कायमची घरी येते आणि माझ्या जागी तू इथे यायचंस. ती हो म्हणाली, माझं बोलणं संपायच्या आत म्हणाली, ते मला जरा लागलं, पण ते माझं मी बघेन. व्हिसाचे कागद ब्रायनकडे आहेत, मी जिथे पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही कर आणि त्याच्याकडेच परत दे. मी आल्यावर तू निघेपर्यंत पंधरा दिवस आपण दोघी घरात असू, तेवढ्यात आईला उठवायचं कसं, औषध कुठलं कधी, ती कशाला नाही म्हणते आणि कशाला आधी नाही म्हणून मग हो म्हणते, सगळं मला शिकव. ती माझ्यावर ओरडेल, मी तिच्यावर ओरडेन, आमचं जमेल. क्रिस्टल आहे मदतीला. मी उपकार करते आहे असं समजू नकोस, मी चौदा वर्षं उशिरा येते आहे. तुला आता नको वाटत असेल, एकोणपन्नासाव्या वर्षी कुठे घर सोडू असं वाटत असेल, तर तसं सांग, मी रागावणार नाही. पण मी येणार आहेच, तू सही केलीस तरी आणि नाही केलीस तरी. तेव्हा नको म्हणायचं असेल तर स्वतःसाठी म्हण. आईचं नाव पुढे करू नकोस.

तुझीच,
शर्ली