फ्रिजशेजारची फळी

जयपूर, ९ डिसेंबर १९८५

ती. आईस चारूचा साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. गेल्या महिन्यात आमेरला एका जर्मन जोडप्याची मोटार पाहिली, आत अख्खं स्वयंपाकघर. त्या बाईंनी मला हौसेनं सगळं दाखवलं. फळ्यांना आडव्या पट्ट्या, गाडी कितीही हलली तरी डबा पडायचा नाही. फ्रिज मात्र आपल्या ट्रंकेएवढा. "एवढा लहान का?" विचारलं, तर मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बडा लेते तो दाल-चावल कहाँ रखते?" मला फार पटलं.

यांनी लष्कराच्या कँटीनमध्ये मोठ्या फ्रिजसाठी नाव घातलं होतं. मी लहानच घ्यायला लावला.

तुला जिना चढताना धाप लागते, हे शेजारच्या मालनताईंनी कळवलं. तू का गं नाही लिहिलंस?

लहान फ्रिजमुळे वाचलेल्या जागेत, खिडकीपाशी, तुझी वेगळी फळी ठोकून घेतलीय. स्टोव्हही वेगळा. आमची अंडी तिकडे फिरकणार नाहीत. तेव्हा "तुमच्या घरात माझं सोवळं कुठे ठेवू?" हे तुझं न येण्याचं कारण आता संपलं.

हे शनिवारी तुला आणायला निघताहेत. फळी पुसून ठेवलीय.

तुझी,
चारू